सप्टेंबरचा हप्ता

आमच्याकडं आठवड्याला हप्ता म्हणतात. पुण्याकडच्या माणसाला हप्ता म्हटलं की कर्ज आठवतं, नाहीतर गुंड आठवतो. नांदेड-लातूरकडं दुकानदार ‘पुढच्या हप्त्यात या’ म्हणतो तेव्हा तो बिचारा फक्त सात दिवस मागत असतो. निजामाचं राज्य गेलं, पण त्याचे शब्द आमच्या जिभेवर राहून गेले. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी मला वेड्यात काढायला नको.

नांदेडच्या एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं मी आवक-जावक बघितली. कोणतं पत्र कधी आलं, कोणत्या टेबलावर गेलं, त्याचं उत्तर गेलं का, हे मला रजिस्टर न उघडता सांगता यायचं. माझ्या हातून एक कागद चुकीच्या टेबलावर गेलेला दाखवा, मिशी उतरवीन, असं मी भर कचेरीत म्हणायचो. मिशी शेवटपर्यंत राहिली. स्वभाव तापट, हेही खरं. साहेबसुद्धा माझ्या टेबलापाशी जरा हळू बोलायचे.

बायको आणि एकुलती मुलगी लातूरला राहायच्या. मी नांदेडला खोली करून. शनिवारी कचेरी सुटली की लोहा, अहमदपूर करत येणारी एसटी पकडायची, सोमवारी पहाटे परत. येताना अर्धापूरची केळी घ्यायचो. गर्दीत उभ्यानं येताना ती निम्मी काळी पडायची आणि मुलगी तरी तीच मागायची. तिला वार कळायचे नाहीत तेव्हा ती आईला विचारायची, “हप्ता झाला का?” म्हणजे बाबा येणार का. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ तेवढाच होता.

ती तिसरीत असताना भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. मी नांदेडला होतो. मिळेल त्या गाडीनं, टपावर बसून म्हणा, लातूरला आलो. आमच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, पण माणसं शाबूत होती. किल्लारीकडच्या गावांत काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ज्यांचं गेलं त्यांना ते सांगायचा हक्क आहे, मला नाही.

घरात जायची कुणाची छाती नव्हती. अंगणात चार बांबू रोवून पत्रे टाकले आणि तिघं त्याच्या खाली राहिलो. कचेरीनं मला महिनाभर लातूरलाच कामाला लावलं. त्या महिन्यात मी पहिल्यांदा बघितलं की माझी मुलगी भात कसा खाते, कोणत्या गोष्टीला हसते, दात घासायला किती कुरकुर करते. झोपताना ती माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरायची. परत हललं तर बाबा निसटू नये म्हणून. लाज वाटते सांगायला, पण आजूबाजूला एवढं रडणं चाललेलं असताना माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना तोच होता. हे मी बायकोलाही कधी बोललो नाही.

मग लातूरला दुसराच भूकंप आला. क्लासेसचा. दहावी-बारावीच्या मेरिट लिस्टमध्ये आमच्या गावाची पोरं दिसायला लागली आणि अख्ख्या महाराष्ट्रातून आईबाप पोरांना घेऊन लातूरला उतरायला लागले. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात मेस. आमचा तडा बुजवून वर दोन खोल्या चढवल्या, त्याही भाड्यानं गेल्या. मुलगी हुशार होती. मी ठरवून टाकलं, डॉक्टरच. तिला विचारलं होतं का? छे. तेव्हा विचारायची पद्धत कुठं होती! फी भारी होती, म्हणून मी नांदेडला रविवारीही एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं हिशेब लिहायचं काम धरलं. शनिवारचं लातूर महिन्यातून एकदा, मग दोन महिन्यांतून एकदा असं व्हायला लागलं. फीचे हप्ते मात्र मी एकदाही चुकवले नाहीत. याचा मला लई अभिमान होता.

ती डॉक्टर झाली. पुण्याच्या एका सज्जन मुलाशी लग्न केलं, दोघं इंग्लंडला गेले. मी रिटायर होऊन लातूरला आलो आणि दोन वर्षांत बायको गेली. घरात वर पोरांचं पाठांतर आणि खाली मी. बोलायला माणूस नाही. संध्याकाळी मी उगाच बसस्टँडवर जाऊन नांदेडच्या गाड्या लागलेल्या बघायचो आणि परत यायचो. मुलगी दर रविवारी फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बीपी किती. मी उत्तरं द्यायचो आणि पाच मिनिटांत आवक-जावक संपायची.

ती आली की चार दिवस राहायची. नातीला लातूरचं ऊन सोसायचं नाही, पाणी बाधायचं. एकदा निघताना मुलगी म्हणाली, उन्हाळ्यात जमत नाही, डिसेंबरात रजा मिळत नाही, सप्टेंबरात मिळते, पण इथं येऊन पोरीला नुसतं खोलीत कोंडून ठेवावं लागतं. तिनं सहज म्हटलं. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

मला एकच पाहिजे होतं. वर्षातले सात दिवस माझी लेक एका छपराखाली माझ्याबरोबर राहावी. बाकी वर्ष मी काढलं असतं.

टाइमशेअर हा प्रकार मला कॉम्प्युटरवर सापडला. डोंगरातल्या थंड हवेच्या गावी एक फ्लॅट असतो, त्याचं वर्ष बावन्न जणांत वाटतात, ज्याला जो आठवडा मिळाला तो कायमचा त्याचा. नवीन घ्यायला गेलं तर डोळे पांढरे होतात. पण जुने मालक आपला आठवडा विकतात, तो स्वस्तात पडतो. असा सप्टेंबरच्या शेवटाचा एक आठवडा महाबळेश्वरकडच्या डोंगरातला विकायला होता. विकणारा अमेरिकेत.

सगळ्यांनी मला शहाणपण शिकवलं. परदेशातला माणूस, तोंड बघितलेलं नाही, हवेतली वस्तू. कोर्टासमोर मशीन घेऊन बसणारे टायपिंगवाले चाचा, ज्यांच्याकडून मी करारनामा टाइप करून घेतला, ते तर हात थांबवून माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, साहब, जमीन न्हाई, भिंत न्हाई, तुम्ही सात दिवस विकत घेऊन राहिले? मी त्यांना म्हणालो, चाचा, टायपिंग चुकवू नका.

पण मला त्या माणसाचा भरवसा पहिल्याच फोनला आला होता. तो इंग्रजीत सुरू झाला. मी लातूर म्हणालो तशी त्याची जीभच पालटली. निलंगा तालुक्यातला निघाला. मी तरी सोडतो काय? त्याच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारलं. त्यानं वार बरोबर सांगितला आणि वर म्हणाला, “दादा, माझा एक हप्ता हाय तिथं. तेवढा घ्या.” फसवणारा माणूस ‘वीक’ म्हणाला असता. ‘हप्ता’ म्हणणारा मला कसा फसवेल, असा माझा हिशेब.

त्यानं तो आठवडा आईसाठी घेतला होता. भूकंपानंतर म्हातारी छपराखाली झोपेना. दर वर्षी ते दिवस आले की गाव सोडून पळायला बघायची. तिकडं बसून लेकानं तिच्यासाठी नेमका तोच आठवडा घेतला, की त्या दिवसांत तिला डोंगरावर पाठवता यावं. आता आई राहिली नव्हती. शिवाय ते दिवस बहुतेक पित्रांचे. पितृपक्षात कोण फिरायला जातं? म्हणून गिऱ्हाईक मिळेना. मी म्हणालो, माझी पित्रं समजूतदार आहेत, मला चालेल.

कागदांना पाच महिने लागले. त्यानं तिकडच्या आपल्या वकिलातीत जाऊन सही साक्षांकित केली, मुखत्यारपत्र पाठवलं. रिसॉर्टचं नाहरकत पत्र आलं. पैसे मी नाव चढल्यावरच दिले आणि त्यानंही आधी मागितले नाहीत. एवढं चोख काम माझ्या कचेरीत कधी झालं नव्हतं.

नाव चढलं त्या दिवशी मी इंग्लंडला फोन लावला. मुलगी ड्यूटीवर होती, जावयांनी उचलला. आता इथं सरळ सांगायचं होतं, की मी असं असं घेतलंय, तुम्ही तिघं या. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या घराण्याची जुनी सवय. शिवाय जावयाला ‘या’ म्हणून गळ घालायची म्हणजे कसंतरीच वाटलं. मी म्हणालो, “सप्टेंबरचा हप्ता घेतलाय मी. माझ्यासाठी म्हणून नाही, तुम्हा सगळ्यांसाठी. आता दर वर्षी सप्टेंबरात तुम्ही दोघांनी तेवढं मनावर घ्या.”

जावई फार प्रेमानं म्हणाले की बाबा, तुम्ही अजिबात काळजी करू नका, हे तुम्ही आधीच सांगायला हवं होतं, आम्ही बघतो. मी त्या दिवशी हॉटेलात जाऊन एकट्यानं गुलाबजाम खाल्ले.

त्यानंतरच्या रविवारी मुलीचा आवाज जास्त मऊ होता. मी विचारलं, सप्टेंबरचं कळलं का? ती म्हणाली, कळलं, आणि बाबा, त्याच्यावर आता काही बोलू नका, मला हे करायला आनंदच आहे. मीही बोललो नाही. जुलैत विचारलं, झालं का सप्टेंबरचं? म्हणाली, व्यवस्था केलीय. एकदा जावक झालेल्या पत्राबद्दल पुन्हा पुन्हा विचारायचं नसतं. सप्टेंबर लागला तशी बँकेचा मेसेज आला, तिनं बरीच रक्कम टाकली होती. मी म्हणालो, पोरगी गुणाची, खर्चाची आधीच सोय केली. नातीसाठी पिवळा रेनकोट घेतला. शेंगांची चटणी केली, धपाटे करून घेतले, आणि अर्धापूरची दोन डझन केळी.

शनिवारी दुपारी मी डोंगरावर पोचलो. धुकं एवढं की समोरचा माणूस दिसेना. खालच्या काउंटरवर वही होती, त्यात ‘एकूण व्यक्ती’ असा रकाना. मी ठसठशीत ‘चार’ लिहिलं. फ्लॅट झकास होता. दोन बेडरूम, स्वयंपाकघर, चार ताटं, चार वाट्या, चार कप. मी चारही ताटं पुसून ठेवली. रेनकोट दारामागच्या खुंटीला लावला आणि गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडं तोंड करून बसलो.

शनिवारी कुणी आलं नाही. म्हटलं, विमान उशिरा झालं असेल, उतरले की पत्ता विचारायला फोन करतील. रविवार दुपारपर्यंत दम धरला आणि मग मीच फोन लावला.

मुलीनं पहिल्या रिंगला उचलला. म्हणाली, बाबा, मागं पाऊस वाजतोय का, लातूरला पाऊस आहे?

“मी हप्त्यावर आलोय,” मी म्हणालो.

“हप्ता पोचला ना पण?”

“हप्ता पोचला. तुम्ही कुठवर पोचलात?”

मग एकेक प्रश्न तिनं हळूहळू विचारला, पेशंटला विचारतात तसा. कर्ज कोणत्या बँकेचं? कसलं कर्ज? मग हप्ता कसला? हप्ता म्हणजे हप्ता, सात दिवसांचा, आणखी कसला! माझा आवाज चढला होता. तेव्हा कुठं उलगडा झाला. जावयांनी तिला सांगितलं होतं की बाबांनी आपल्यासाठी कसलंसं कर्ज काढलंय आणि त्यांना बोलायला लाज वाटतेय. तीही पुण्याच्या माणसाबरोबर राहून राहून पुण्याचाच हप्ता ऐकायला शिकली होती. तिनं पैसे पाठवून दिले आणि बापाच्या अब्रूसाठी तोंडातून शब्द काढला नाही.

ती आधी हसली. मग मीही हसलो. मग ती म्हणाली, “बाबा, आता मला रजा नाही मिळायची.” मी म्हणालो, अगं छे छे, मला इथं लई छान वाटतंय. फोन ठेवला आणि गॅलरीतली खुर्ची आत ओढून घेतली. रस्त्याकडं बघायचं काही कारण उरलं नव्हतं.

नंतरचे दिवस कसे काढले ते मला विचारू नका. एका ताटात जेवायचं आणि चार ताटं धुवायची, असला वेडेपणा केला. केळी रोज थोडी काळी पडत होती. मला राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. जावयांवर काढला, मग निजामावर काढला, मग दमलो.

बुधवारी अमेरिकेतल्या त्या माणसाचा फोन आला. त्याला माझा आठवडा लक्षात होता. विचारलं, दादा, लेक आली का? मी म्हणालो, हाव, आली, नात धुक्यात खेळून राहिली. एवढं धडधडीत खोटं मी नोकरीत कधी बोललो नव्हतो. तो खूश झाला आणि मग म्हणाला की लई बरं झालं, मी एवढ्या वर्षांत एकदाच जाऊ शकलो, बाकी सगळी वर्षं आई तिथं एकटीच राहायची, गॅलरीत बसून. मी खोटं बोललो ते बरं केलं असं मला वाटलं. निदान त्याच्या डोळ्यांसमोर तरी त्या फ्लॅटमध्ये चार माणसं असू देत.

शनिवारी सकाळी पिशवी भरत होतो तेव्हा मुलीचा फोन आला. बीपी विचारलं नाही. म्हणाली, हा सगळा आठवडा मला एक गोष्ट आठवत होती, ती सांगून टाकते, राग मानू नका. बारावीच्या परीक्षेआधी तिचा धीर सुटला होता. क्लासला न जाता ती रस्त्यावरच्या पीसीओत गेली आणि तिथून माझ्या कचेरीत फोन लावला. साहेबांच्या टेबलावर फोन, शिपायानं मला बोलावून आणलं. तिनं विचारलं, बाबा, ह्या हप्त्याचं काय?

“तुम्ही म्हणालात, भरलाय. पावती आईकडं आहे.”

मला हे आठवत नव्हतं. कोणतं पत्र कोणत्या साली कोणत्या टेबलावर गेलं ते सांगणारा मी, आणि हे माझ्याजवळ नोंदलेलंच नव्हतं. मी उभा होतो तो पलंगावर बसलो. विचारलं, मग तू काय केलंस? ती म्हणाली, काय करणार, क्लासला गेले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

मग मी जे म्हणालो ते जन्मात कुणाला म्हणालो नव्हतो. ना बायकोला, ना तिला. ताक मागायचं तर भांडं पुढं करावं.

“पैसे नकोत गं मला. तू ये.”

ती म्हणाली, “बाबा, एवढंच म्हणायला मी तेव्हा फोन केला होता.”

मी हं म्हणालो. पलीकडं नात काहीतरी इंग्रजीत मागत होती. मुलगी म्हणाली ठेवते, आणि ठेवला.

केळी मी तिथल्या झाडणाऱ्या बाईला दिली. रेनकोट घडी करून पिशवीत घातला. पुढच्या वर्षी तो नातीला आखूड होईल. खाली काउंटरवर किल्ली दिली आणि वही मागून घेतली. ‘एकूण व्यक्ती’च्या रकान्यातलं ‘चार’ खोडून ‘एक’ लिहिलं आणि शेजारी सही केली. खाडाखोड केली की तिथं सही करावी लागते.